लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड म्हणजे पदक असतं का? त्याचे पैसे मिळतात का?

तुमचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेटीतले जुने कागद चाळताना त्यांच्या नावाचं चीफ ऑफ द आर्मी स्टाफचं कमेंडेशन कार्ड सापडलं, आणि विचारलं तर ते "असंच दिलं होतं" म्हणून गप्प बसले. आता हे पदक आहे का, आणि त्याचे काही पैसे राहून गेलेत का, असं तुम्ही विचारताय.

मी लष्करात क्लार्क होतो. बंदूक चालवली त्याच्या शंभरपट टाइपरायटर चालवला. अशा कार्डांसाठी वरती जाणारे कागद माझ्या हातून गेलेत, म्हणून उत्तर देतोय.

पदक नाही. पैसेही नाहीत. पदकं राष्ट्रपतींच्या नावाने जाहीर होतात. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही युद्धातली. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही शत्रूसमोरच्या लढाईबाहेरच्या शौर्याची. त्याखाली सेना मेडल, ते १९६० सालापासून आहे. सेवेसाठी परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक. शौर्यपदकांना दरमहा भत्ता असतो. २०१७ साली तो दुप्पट झाला, तेव्हा परमवीर चक्राला २०,००० रुपये आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये असा आकडा होता. कमेंडेशन कार्डाला भत्ता नाही आणि नावापुढे लावायला अक्षरंही नाहीत. लष्करप्रमुखांच्या सहीचं कार्ड आणि वर्दीवर लावायचा बिल्ला, एवढंच. त्याखाली उपप्रमुखांचं आणि मग आर्मी कमांडरचं कार्ड येतं. म्हणजे तुमच्या वडिलांकडे कार्डांतलं सगळ्यात वरचं आहे.

'मेन्शन इन डिस्पॅचेस' ही आणखी वेगळी गोष्ट. ती मोहिमेतल्या कामगिरीसाठी असते आणि त्या मोहिमेच्या पदकाच्या रिबनवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह लावायला मिळतं. लोक दोन्हीची गल्लत करतात. आणि ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची जी पदकं असतात, ती नुसती वर्षं भरली की मिळतात. तुमच्या वडिलांच्या छातीवर त्यातली असतीलच. हे कार्ड वर्षं भरून मिळत नाही.

मग कशाने मिळतं? इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण ही बाजू घरच्यांना कधीच कळत नाही.

जवानाने अर्ज करून हे मागता येत नाही. कुणीतरी त्याच्याबद्दल लिहावं लागतं. त्या लिहिण्याला आम्ही सायटेशन म्हणायचो. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, सेना दिन अशा मुहूर्तांवर नावं जाहीर होतात, पण कागदांची धावपळ काही महिने आधी सुरू होते. कंपनी कमांडर नाव सुचवतो, सी.ओ. साहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, त्यातली निवडक ठेवतात आणि कागद वर चढायला लागतो. ब्रिगेड, डिव्हिजन, कोर, कमांड आणि मग दिल्ली. प्रत्येक पायरीवर एक मोठा साहेब शेरा मारतो. कुठे नाव गळतं. कुठे मागितलेलं असतं एक आणि शिफारस होते एक पायरी खालची.

नव्वदच्या दशकात मी एका ट्रान्सपोर्ट युनिटच्या ऑफिसात होतो. उन्हाळाभर आमच्या गाड्या काश्मीरमधल्या सोनमर्गहून झोजिला घाट ओलांडून लडाखमधल्या द्रासकडे रेशन, रॉकेल, कोळसा न्यायच्या. बर्फाने घाट बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांचा हिवाळ्याचा साठा पोचवायचा असतो, त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर. तेव्हाचा रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही आणि मध्ये चिखल.

एका ड्रायव्हरचं नाव सुचवलं गेलं. मराठवाड्याकडचा माणूस, बोलायला एकदम कमी. सायटेशन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जुन्या फाइली काढल्या आणि त्यातली भारी भारी विशेषणं उचलून एक पान टाइप केलं. निडर, कर्तव्यनिष्ठ, इतरांना आदर्श, असं सगळं. सी.ओ. साहेबांनी लाल शाईने आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बाबू, तारीफ नहीं चाहिए. काम लिखो."

मी एम.टी.मध्ये, म्हणजे गाड्यांच्या विभागात, गेलो आणि त्याच्या गाडीची कार डायरी मागितली. रोजच्या खेपा, किलोमीटर, गाडी कधी बंद पडली, सगळं तारीखवार. दोन मोसमांत एकही अपघात नाही. त्याच्या गाडीमुळे ताफा एकदाही अडलेला नाही. मग मेकॅनिकने एक सांगितलं जे डायरीत नव्हतं. पुढची गाडी घसरून रस्त्याच्या कडेला लटकली होती, तेव्हा ह्याने आपल्या गाडीला दोर बांधून ती दीड तास धरून ठेवली. त्यात पोरगेला ड्रायव्हर अडकला होता, तो बाहेर निघेपर्यंत. हे त्याने कुणाला सांगितलेलंच नव्हतं. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, "मग काय करणार? रस्ता बंद होता, मागं सगळ्या गाड्या."

ते पान मी पुन्हा टाइप केलं. त्यात एकच विशेषण राहिलं, तेही साहेबांनीच घातलेलं. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. नाव कुठल्या पायरीवर गळलं ते आम्हाला कळलं नाही, तसं ते कळतही नाही. साहेबांनी दुसऱ्या वर्षी तेच पान नवे आकडे घालून परत पाठवलं, आणि चीफचं कार्ड आलं. दरबारात, म्हणजे युनिटच्या सभेत, सगळ्यांसमोर त्याला दिलं, संध्याकाळी बडा खाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, झालं. रात्री तो ऑफिसात येऊन मला विचारतो, "बाबूजी, ह्यानं सुट्टी वाढते का?"

वाढत नाही, म्हटलं. "बरं" म्हणून गेला.

शौर्यपदकाची गोष्ट वेगळी असते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश काळातलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. ती काही मिनिटांची गोष्ट, तिला दिवस आहे, जागा आहे, पाहणारे आहेत. कार्ड ज्या कामाला मिळतं त्याला बहुतेक वेळा दिवसच नसतो. दोन वर्षं गाडी खाली गेली नाही, हे काम कुठल्या तारखेला झालं म्हणून सांगणार?

आणि म्हणूनच ह्यात अन्यायही होतो. तो लपवण्यात अर्थ नाही. साहेबांच्या नजरेसमोर असणाऱ्याचं नाव पटकन सुचतं. मोठ्या हेडक्वार्टरांत बसणाऱ्यांना कार्ड मिळणं सोपं जातं, असं पलटणीत सगळेच बोलायचे, आणि मला ते बऱ्याच अंशी पटतं. मी स्वतः ऑफिसवाला आहे, तरी म्हणतो. लंगरी म्हणजे स्वयंपाकी, धोबी, खेचरं हाकणारे, लाइनमन ह्यांच्याबद्दल लिहायला माणूस सापडत नाही. परम आणि अति विशिष्ट सेवा पदकांच्या याद्या पाहा, बहुतेक जनरल साहेबांच्याच असतात. हवालदाराच्या सेवेची दखल घेणारं त्याच्या हाताशी येईल असं जे आहे, ते मुख्यतः हे कार्ड. एका युनिटमधून पाठवता येणारी नावं थोडी असतात. त्यांतलं एक तुमच्या वडिलांसाठी वापरलं गेलं आणि ते सगळ्या पायऱ्या चढून चीफच्या सहीपर्यंत पोचलं. आमच्या बाजूने पाहिलं तर किंमत ती आहे.

आता कामाचं. त्यांचं डिस्चार्ज बुक काढा आणि त्यात ह्या कार्डाची नोंद आहे का बघा. असा सन्मान मिळाला की युनिटकडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदींचा लेखी आदेश, निघते आणि तिच्यावरून रेकॉर्ड ऑफिसात नोंद चढते. नोंद नसेल तर कार्डाची प्रत जोडून त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. वडिलांचा आर्मी नंबर, रँक आणि पूर्ण नाव घालायला विसरू नका. महाराष्ट्र शासन शौर्य आणि सेवापदकधारकांना रोख रक्कम देतं, त्याची विचारणा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची असते. कार्डासाठी मात्र मोठी आशा धरून जाऊ नका. कार्ड लॅमिनेट करू नका, शाई खराब होते. काचेत लावा.

आणि "असंच दिलं होतं" ह्या उत्तरावर थांबू नका. काय पराक्रम केलात, असं विचारलंत तर ते पुन्हा तेच म्हणतील. त्याऐवजी विचारा, तेव्हा पोस्टिंग कुठे होतं आणि सी.ओ. साहेब कोण होते. नाव लगेच सांगतील. मग बसून राहा.