क्रियापद एकटं पाठ करू नकोस
इंग्रजीतलं प्रत्येक क्रियापद त्याच्या सोबत्यांसकट, म्हणजे त्याच्याबरोबर येणाऱ्या शब्दांसकट शिक. मराठीत 'मला दे', 'मला सांग', 'मला समजाव', तिन्हीकडे 'मला' एकच. इंग्रजीत 'गिव्ह मी', 'टेल मी' चालतं, पण 'एक्सप्लेन मी' नाही; तिथे 'एक्सप्लेन इट टू मी'च हवं. 'से'चंही तसंच, 'से इट टू मी'. ही चूक थेट मराठीतून येते, म्हणून आधी हिच्याकडे बघ.

'लिसन'ला 'टू' लागतं, 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. हे नुसतं लक्षात ठेवायचं.

'टर्न ऑफ द लाइट' बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'लुक ॲट इट'मध्ये मात्र नाही, कारण तिथे 'ॲट इट' ही जोडी तुटत नाही. इथे घाई करू नकोस, मोठ्यानं म्हणत राहा.