हरणांसाठी शेतात चारा-पाणी ठेवले, तर गुन्हा होतो का?

वाचकाचा प्रश्न: चाळीसगाव तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या डोंगराला लागून आमची २२ एकर जमीन आहे. त्यातील सुमारे नऊ एकर बरड असून तेथे चिंकारा आणि नीलगायी येतात. उन्हाळ्यात त्यांचे हाल पाहवत नाहीत म्हणून मी सिमेंटचा हौद बांधला असून शेजारी मक्याचा भरडा आणि हरभऱ्याचे कुटार टाकतो. शेजारच्या गटातील चुलतभावाने, या जनावरांमुळे त्याच्या कपाशीचे आणि हरभऱ्याचे नुकसान होते, अशी तक्रार केली असून (त्यामागे बांधाचा जुना वाद असावा) वनपालांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये असलेला माझा भाचा, ठरावीक वेळी धान्य सोडणारे यंत्र बसवा, असे सुचवतो. रात्री भटक्या कुत्र्यांपासून हरणांचे रक्षण व्हावे म्हणून बरडाला जाळीचे कुंपण घालून फाटक लावण्याचा माझा विचार आहे. मी काय करावे? जाता जाता सांगतो, दोन वर्षांपूर्वी बरडात सापडलेले चिंकाऱ्याचे शिंग मी दिवाणखान्यात ठेवले आहे, त्याचे काही नाही ना?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांपैकी जो आपण अगदी शेवटी आणि सहज म्हणून लिहिला आहे, तोच सर्वांत गंभीर असल्यामुळे त्यापासून सुरुवात करतो. चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात, परंतु चिंकारा हा कुरंग वर्गातील प्राणी असून त्याची शिंगे गळत नाहीत. त्यामुळे आपल्याला शिंग सापडले याचा अर्थ तेथे एखादा चिंकारा मेला किंवा मारला गेला, असाच तपास अधिकारी लावील. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार असे शिंग शासनाची मालमत्ता ठरते आणि ते ज्याच्या हाती आले त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक असते. चिंकारा अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. अनुसूची १ मधील प्राण्याच्या अवयवासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाल्यास कलम ५१ खाली किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि २५ हजार रुपयांपेक्षा कमी नाही इतका दंड होऊ शकतो. त्यातच कलम ५७ मुळे, वस्तू ताब्यात सापडली की ती बेकायदा ताब्यात आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. वनपाल खुलाशाच्या निमित्ताने घरी आले आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली, तर आपल्या भूतदयेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून घाबरून ते शिंग विहिरीत टाकू नका, चुलीत घालू नका किंवा पाहुण्यांकडे ठेवायला देऊ नका. तसे केल्यास पुरावा नष्ट केल्याचा आरोप, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम २३८, वेगळे मागे लागेल. चाळीसगाव किंवा जळगाव येथील फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलास प्रत्यक्ष भेटा, शिंग कोठे, कधी आणि कोणासमोर सापडले याचे निवेदन त्यांच्याकडून तयार करून घ्या आणि त्यांच्यासह वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन पंचनाम्यासह ते स्वाधीन करा. ४८ तासांची मुदत केव्हाच उलटली असल्याने हा मार्ग पूर्णतः निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु झडतीत सापडणे आणि आपण होऊन नेऊन देणे या दोन्हींकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही.

आता चारा-पाण्याविषयी. पाणी ठेवण्यास कायद्यात कोठेही मनाई नाही. वनविभाग स्वतःच उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे भरतो आणि संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (छ) ने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच मानले आहे. चाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘शिकार’ या शब्दाची वन्यजीव अधिनियमाच्या कलम २ (१६) मधील व्याख्या केवळ मारण्यापुरती नसून तीत पकडणे, फासे लावणे, हाकणे आणि आमिष दाखवणे, तसेच यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व येते. बरडात ठरावीक जागी रोज भरडा पडतो, त्या जागी चिंकारे जमतात, आणि त्याच गटाला आता फाटकाचे कुंपण होणार आहे, अशी तीन वाक्ये एखाद्या वनरक्षकाने आपल्या अहवालात एकाखाली एक लिहिली, तर ती वाचणाऱ्याला आपला हेतू दिसणार नाही, आमिष आणि सापळा दिसेल. आपण शिकारी नाही हे मला आपल्या पत्रावरून उघड दिसते, पण न्यायालयापुढे पत्र नव्हे, जागेचा पंचनामा जात असतो.

टेक्सासची उपमा येथे लागू पडत नाही, आणि का ते आपल्या भाच्यालाही कळवावे. तेथेही वन्यप्राणी राज्याचेच मानले जातात. मात्र जमीनमालकाला मालमत्ता कराच्या आकारणीत शेतजमिनीची सवलत टिकवण्यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाची म्हणून ठरवलेल्या सात कामांपैकी किमान तीन करण्याची मुभा आहे, आणि जादा पाणी व जादा चारा ही त्या सातांतलीच दोन आहेत. शिवाय तेथे हंगामात परवान्याने हरणांची शिकार होते आणि मालक शिकारीसाठी आपली जमीन भाड्याने देतो. धान्य सोडणारी यंत्रे मुख्यतः त्या व्यवहारात खपतात. आपल्याकडे शिकारीचा हंगाम नाही, तसा परवाना नाही आणि सातबाऱ्यावर या कामाची सवलतही नाही. असे यंत्र बसवून पदरात फक्त संशय पडेल.

तेव्हा भरडा टाकणे आजच बंद करावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्याला कायद्याबाहेरचेही कारण आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याने सवय नसताना एकदम पिष्टमय धान्य खाल्ले, तर त्याच्या पोटात आम्ल वाढून तो दगावू शकतो, हे आपल्या बैलाच्या बाबतीत आपल्याला ठाऊक असेलच. जनावर हौदाजवळ मरून पडले, तर ते कशाने मेले याचे उत्तर प्रथम आपल्याला विचारले जाईल. बरडावर गवत राखा, गुरे काही महिने तेथे सोडू नका. उभ्या गवताला कोणी आमिष म्हणणार नाही.

हौद ठेवताना दोन गोष्टी पाहाव्यात. ठिबकमधून सोडण्यासाठी ज्या टिपाडात युरिया किंवा विद्राव्य खत भिजवतात, ते टिपाड किंवा त्याची बादली या हौदात कधीही विसळू नये, कारण युरियाचे पाणी प्यायलेले जनावर थोड्याच वेळात मरते आणि कलम २ (१६) मध्ये विषप्रयोग हीदेखील शिकारच आहे. दुसरे म्हणजे, हौदाची एक बाजू उतरती व खडबडीत असावी. आपल्याकडे ५०० मायक्रॉनच्या कागदाचे शेततळे असल्यास त्याला कुंपण तरी घाला किंवा काठापासून तळापर्यंत गाठी मारलेले जाड दोर आणि जुने टायर सोडा. त्या गुळगुळीत कागदावर खूर ठरत नाही आणि आत पडलेले जनावर दमून बुडते. जनावर अडकल्यास स्वतः दोरखंड घेऊन उतरण्यापूर्वी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. आपली जमीन अभयारण्यालगत असल्याने आणखी एक सांगतो: अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील गुरांच्या लसीकरणाची तरतूद कलम ३३-अ मध्ये आहे. आपल्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर द्या आणि त्यांना हरणांच्या हौदावर नेऊ नका.

जाळीचे कुंपण आणि फाटक हा विचार सोडून द्यावा. प्राणी आत येऊ नयेत म्हणून पिकाला कुंपण घालणे वेगळे आणि आत आलेले प्राणी रात्री कोंडणे वेगळे; दुसरी गोष्ट हेतू कितीही चांगला असला तरी पकडण्याच्या जवळ जाते. कुंपणात वीज सोडण्याचा सल्ला गावात कोणीतरी देईलच, तो ऐकू नका.

चुलतभावाच्या तक्रारीमागे बांधाचा जुना वाद असेल, असे आपण लिहिता. असेलही, खानदेशात काय आणि इतरत्र काय, भाऊबंदकीतली तक्रार क्वचितच नुसत्या पिकाची असते. तरीही ती कायद्याच्या दृष्टीने पोकळ नाही. मोकळे वन्यप्राणी आपल्या मालकीचे नसल्याने त्यांनी केलेल्या नुकसानीस आपण सामान्यतः जबाबदार नाही. परंतु नैसर्गिक प्रमाणापेक्षा अधिक प्राणी मुद्दाम जमवणारा शेजाऱ्याच्या नुकसानीस जबाबदार ठरू शकतो, हे तत्त्व इंग्लंडमधील न्यायालयाने फॅरर विरुद्ध नेल्सन या १८८५ च्या खटल्यात शिकारीसाठी पाळलेल्या फेझंट पक्ष्यांच्या बाबतीत मान्य केले होते. तो निर्णय आपल्या न्यायालयांना बंधनकारक नसला, तरी अशा दाव्यात त्याचा आधार घेतला जाऊ शकतो. आणि रोजचा भरडा हा ‘मुद्दाम जमवण्याचा’ उत्तम पुरावा आहे. उपद्रव एकट्या भावापुरता न राहता शिवारातील अनेकांनी तक्रार केली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडेही प्रकरण जाऊ शकते. नीलगाय अनुसूची २ मध्ये असल्याने पिकांना धोका म्हणून वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली तिच्याविरुद्ध परवानगी मागण्याचा मार्गही त्यांना मोकळा आहे, म्हणजे आपल्या चाऱ्याने जमलेल्या कळपाचाच जीव जाऊ शकतो. माझ्या मते आपण स्वतः भावाकडे जाऊन, नुकसान दिसेल त्याच दिवशी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करायला त्याला मदत करावी आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे. अशी भरपाई देणे शासनाचे काम आहे, आपले नाही.

खुलासा लेखीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. त्यात गट क्रमांक, हौदाची जागा व बांधल्याचे वर्ष, तो सर्व बाजूंनी खुला असल्याची बाब, चारा टाकणे कोणत्या तारखेपासून बंद केले ती तारीख, आणि कोणताही प्राणी कधी अडवला वा पकडला नाही हे स्पष्ट शब्दांत लिहावे. हौदाची चारी बाजूंनी काढलेली छायाचित्रे जोडावीत. शिंगाविषयी काय व कसे लिहायचे हे मात्र वकिलांनी सांगितल्यावाचून या खुलाशात ठरवू नये. पण ‘माझ्याकडे काही नाही’ असे खोटे विधान कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याच खुलाशात, हा पाणवठा यापुढे विभागाच्या माहितीने व देखरेखीखाली ठेवण्याची तयारी दाखवावी.

आपल्याला हे काम पुढेही चालवायचे असेल, तर वन्यजीव अधिनियमाचे कलम ३६-क वाचून घ्या. वन्यजीवांच्या रक्षणासाठी एखादा समाज किंवा एखादी व्यक्ती स्वेच्छेने पुढे आली, तर राज्य शासन तिची खासगी जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकते. एकदा जाहीर झाले, की व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय आणि शासनाच्या मान्यतेशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येत नाही. उद्या तेथे विहीर खोदून मोसंबी लावावीशी वाटली तर हात बांधलेले असतील. म्हणून सगळे २२ एकर न देता फक्त बरडाचा विचार करावा, आणि तोही मुलांशी बोलून. बरडाचा पोटहिस्सा स्वतंत्र नसेल तर आधी मोजणी करून घ्यावी लागेल. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर आपल्याबरोबर बहिणींची नावेही असल्यास, प्रस्तावाला त्यांची नोंदणीकृत लेखी संमती जोडल्याशिवाय तो पाठवू नका.