निर्जळी एकादशी आणि साखरेची उलटी चाल

प्रश्न : वय ५८, मधुमेह ९ वर्षांपासून. सकाळी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड घेते. एकादशीच्या आदल्या रात्री साखर ११८ होती. काही न खाता सकाळी ती १४६ झाली. गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या, तर दुपारी चारला ६१, घाम, थरथर. एकाच उपवासात दोन्ही कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उपवासात साखर पोटातून नाही, लिव्हरमधून येते. मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि लिव्हरमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण १०० ग्रॅम. तो साधारण दिवसभरात संपत येतो. त्यामुळे लिव्हर सोबतच लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवीन ग्लुकोज बनवत राहतं. हे करवून घेतं ग्लुकॅगॉन, म्हणजे साखर वाढवणारं स्वादुपिंडाचं हॉर्मोन. त्याला आवर घालतं इन्शुलिन. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात आणि साखर वर ढकलतात. निरोगी माणसात इन्शुलिन थोडं वाढून हिशेब जुळवतं. टाइप २ मध्ये लिव्हर इन्शुलिनचं नीट ऐकत नाही, म्हणून १४६. त्यात तुमच्या जेवणाचा दोष नाही.

दुपारचं कोडं मात्र गोळीचं आहे. एरवी साखर ८०च्या आसपास उतरली की इन्शुलिन आखडतं. ६५-७०ला ग्लुकॅगॉन आणि अॅड्रेनलिन धावून येतात. ग्लिमेपिराइड साखर कितीही असो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. ते इन्शुलिन लिव्हरचं दार बंद ठेवतं, चरबी वितळू देत नाही आणि शेजारच्या पेशींतलं ग्लुकॅगॉनही दाबतं. उरतं फक्त अॅड्रेनलिन : तुमचा घाम आणि थरथर तेच. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही, घाम तेवढा सुटतो.

तेव्हा ग्लिमेपिराइड उपवासाच्या दिवशी थांबवायची की कमी करायची, हे डॉक्टरांशी आधी ठरवा; एकटं मेटफॉर्मिन सहसा साखर एवढी खाली नेत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डोस स्वतःहून बंद करू नये. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी निर्जळी टाळावीच : पाणी कमी पडतं आणि साखर फार न वाढताही रक्तात किटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साचू शकतात.

७०च्या खाली आकडा दिसला की उपवास तिथेच सोडा. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (चहाचे तीन-चार चमचे) पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७०च्या खालीच असेल तर तेवढंच परत. साबुदाण्याची खिचडी इथे उपयोगाची नाही, तूप-दाण्यांमुळे तिची साखर उशिरा चढते. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, म्हणून एकदा आकडा सुधारला तरी जेवा आणि रात्रीपर्यंत दर दोन-तीन तासांनी मोजत राहा.