थ्रेडलॉकर फ्रीजमध्ये ठेवावं का, आणि निळं घ्यावं का लाल?

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचली आणि लिहायलाच बसलो. साताऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला पडू नये म्हणून आट्यांत लावायचं पातळ केमिकल) उन्हाळ्यात टिकतं का, फ्रीजमध्ये ठेवायचं का, निळं घ्यायचं का लाल, असं विचारलंय, आणि शेवटी म्हणताय की बाटली अर्धीच भरून येते, म्हणजे माल कमी देतात का? नाही देत. ती रिकामी जागा हवेसाठी मुद्दाम सोडलेली असते. हेच मी आमच्या दादाला इतकी वर्षं सांगतोय.

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, पंप आणि गिअरबॉक्सची कामं. मी निळ्याच्या ५० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. दादाने त्या उजेडासमोर धरून बघितल्या, म्हणाला मापात मारलंय, आणि दोन्ही एकात ओतून बाटली गच्च भरून टाकली, तीही ऑइल भरायच्या पितळी नरसाळ्यातून. आता हे केमिकल हवा मिळते तोवरच पातळ राहतं, हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतं, बोल्टच्या आट्यांत नेमकं हेच होतं. पितळेत तांबं, त्यावर तर ते फार लवकर पकडतं. म्हणजे घट्ट व्हायला जे जे लागतं ते सगळं आम्ही बाटलीतच घातलं.

दोन महिन्यांनी एका गुऱ्हाळाचा गिअरबॉक्स आला, हंगाम तोंडावर, रात्र झालेली, बाटली काढली तर आत निळी जेली. दादा मलाच बोलला, तू ड्युप्लिकेट आणलंस. दुकानं बंद, मग कपाटातलं लाल, म्हणजे कायमचं पकडणारं, काढलं आणि कपलिंगच्या (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) ८ एमएमच्या ग्रब स्क्रूला, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूला, लावलं, मी नको नको म्हणत असताना. चार दिवसांनी कपलिंग सरकवायची वेळ आली, तर ॲलन की पिळवटली पण स्क्रू हलला नाही. शेवटी गॅसने तापवला तेव्हा सुटला, पण शेजारचं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) जळालं आणि सगळा गिअरबॉक्स परत खोलावा लागला. गुऱ्हाळवाल्या काकांचा तोडलेला ऊस दोन दिवस पडून वाळला, आम्ही मजुरी घेतली नाही.

म्हणून सांगतो, जे परत खोलायचंय तिथे लाल लावूच नका. रोजच्या कामाला निळं, लॉकटाइट २४३ सारखं, बारीक स्क्रूला जांभळं २२२. लाल फक्त स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा दांडा) वगैरे कायमच्या कामाला, ते सोडवायला साधारण २५० अंशापर्यंत तापवावं लागतं. बाटलीचं तोंड बोल्टला टेकवायचं नाही आणि उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही, एक थेंब सगळी बाटली घालवतो.

फ्रीजचं म्हणाल तर थ्रेडलॉकरला गरज नाही, ८ ते २१ अंश सांगतात, घरचा फ्रीज त्याच्याही खाली असतो. एप्रिलात शेड तापते तेव्हा मी बाटली घरी आणून खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवतो. फ्रीज लागतो तो फेव्हिक्विकसारख्याला, तेही सीलबंद असताना, कारण ते ओलाव्याने घट्ट होतं. गार बाटली लगेच उघडली तर आत दव धरतं, आधी बाहेर तासभर राहू द्या.

हो, एक राहिलं, स्टेनलेसवर आणि झिंक प्लेटिंगवर हे फार हळू पकडतं, ॲक्टिव्हेटर (लवकर पकडावं म्हणून आधी लावायचं द्रावण) लागतो. काही प्लॅस्टिकला लावलं तर तडे जातात. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या, तेल पुसून घ्या. आम्ही सील काढून न ठेवता गॅस लावला होता, तसं करू नका.

आणि दादा वाचत असेल तर, त्याच दुकानातून त्याच लॉटची बाटली शेजारच्या शेडवाल्यांनीही नेली होती. मी जाऊन विचारून आलोय. त्यांची वर्षभर पातळ राहिली, संपेपर्यंत.