आमच्या बायोटेक कंपनीसाठी जंतूंची थीम असलेला अ‍ॅनिमेटेड लोगो इंट्रो हवा आहे. तयार टेम्प्लेट घ्यावं की बनवून घ्यावा? किती सेकंदांचा असावा?

पाच सेकंद. छोट्या व्हिडिओंना तीन पुरे.

टेम्प्लेटचं म्हणाल तर 'मायक्रोब' म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा काटेरी चेंडू असतो, म्हणजे २०२० पासून सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला कोरोनाव्हायरस. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मोशन ग्राफिक्समध्ये आलेला माणूस, त्यामुळे हा चेंडू दिसला की माझं डोकं फिरतं.

एका प्रोबायोटिक कंपनीच्या इंट्रोसाठी आमच्या डायरेक्टरने हाच उचलला होता. म्हटलं, अहो, हा व्हायरस आहे, यांचा माल लॅक्टोबॅसिलस, म्हणजे कांडीच्या आकाराचे जीवाणू! मग कांड्या आल्या, पण शेपट्या लावून. पोहत पोहत येणार आणि लोगोपाशी अलगद थांबणार. लॅक्टोबॅसिलसच्या बहुतेक जाती पोहतच नाहीत. ई. कोलायसारखे जे जीवाणू पोहतात, तेही असे थांबत नाहीत. दोन मायक्रॉनच्या जिवाला पाणी इतकं दाट लागतं की फ्लॅजेला, म्हणजे त्या शेपट्या, फिरायचे थांबले की तो तिथल्या तिथे थांबतो, अणूच्या रुंदीइतकाही पुढे सरकत नाही. पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच हे मांडून ठेवलंय. म्हणजे आम्हा लोकांचं लाडकं ईझ-आउट, म्हणजे वेग हळूहळू कमी करत थांबवणं, इथे सपशेल खोटं.

मी सुचवलं, कांड्या वाढू दे, मधोमध दुभंगू दे, साखळी होऊ दे, साखळीचंच अक्षर बनेल. "इन्फेक्शन पसरल्यासारखं दिसेल," डायरेक्टर म्हणे. आणि वर, "एवढं बघतंय कोण?" सादरीकरणात क्लायंटच्या क्वालिटी कंट्रोलच्या मॅडमनी पहिलंच विचारलं, "या शेपट्या कशाच्या?" हा म्हणाला, "क्रिएटिव्ह लिबर्टी." फाइल तशीच गेली.

लिबर्टी घ्यायचीच तर व्हायरसच्या रंगात घ्या ना. कोरोनाव्हायरस १०० नॅनोमीटरच्या आसपास, दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० च्या पुढे. त्याला रंग कुठला असायला? हवा तो द्या. जीवाणूला मात्र ग्रॅम स्टेनचा, म्हणजे लॅबमध्ये जीवाणू ओळखायला देतात तो जांभळा किंवा गुलाबी द्या, लॅबमधली माणसं लगेच ओळखतात. तो चमकणारा हिरवा कृपा करून नको.

तेव्हा बनवूनच घ्या. डिझायनरने "कुठला जीव दाखवायचा?" हे आपणहून विचारलं नाही, तर दुसरा बघा. पैसे कमी असतील तर टेम्प्लेट चालेल, पण आतलं मॉडेल बदलून.

हो, आणि इंट्रो पेशंट बघणार असतील तर जंतू दाखवूच नका, उपचाराला आलेल्या माणसाला ते बघायचे नसतात. फ्लॅश सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत, काहींना त्याने फिट येऊ शकते. एवढं मात्र आमच्या डायरेक्टरनेही पाळलं होतं.