साइडलाइनवरून : 'टाक की रे' आणि 'टाकू नको' म्हणणारे दोघे

(वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त क्रीडाशिक्षकाची उत्तरं)

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. माझा नातू टेक्सासला असतो, वय पंधरा. तिकडचा तो हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल खेळतो, शाळेच्या दुसऱ्या टीमचा क्वार्टरबॅक आहे. गेल्या वर्षी सगळे नावाजायचे. यंदा नवे कोच आलेत. ह्यानं टाकलेला चेंडू समोरच्या टीमच्या पोरानं झेलला की लगेच बाहेर काढून बाकावर बसवतात आणि सगळ्यांदेखत बोलतात. आता पोरगं लांब चेंडू टाकतच नाही. गुरुवारी संध्याकाळी तिकडं मॅच, म्हणजे आमच्याकडं शुक्रवारची पहाट. मुलगा फोनवरून दाखवतो, मी उठून बसते. मुलगा स्टँडमधनं मराठीत ओरडत असतो, 'टाक की रे, टाक की!' मॅचनंतर नातू धड बोलत नाही. मुलगा म्हणतो शाळाच बदलू. सून म्हणते खेळच बंद करू. मी काय सांगू? माझा मुलगा तुमच्याच हाताखाली लेले मैदानावर खेळलाय, म्हणून हक्कानं विचारते. क्लिपा सोबत पाठवल्यात.
– एक आजी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : वहिनी, तुमचा मुलगा मला चांगला आठवतो. राइट विंगला खेळायचा. पास मागायचा फार, द्यायचा कमी. त्याच्याकडे नंतर येतो, आधी नातवाचं बघू.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ह्या खेळात दोन्हीकडं अकरा-अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. पुढं वाकलेला गडी चेंडू मागं क्वार्टरबॅककडं सोडतो आणि तिथून ह्याच्याकडं जेमतेम तीन सेकंद असतात. समोरून दांडगी पोरं अंगावर येतायत, आपली चार-पाच पोरं चार दिशांना पळतायत, आणि ठरवायचं ह्यानं : कुणाला, किती जोरात, आत्ता की जरा थांबून. माझे जुने विद्यार्थी तिकडं स्थायिक झाले, त्यांच्या नादानं मला ह्या खेळाची गोडी लागली. रविवारी रात्री साडेदहाला त्यांच्या मोठ्या लीगच्या मॅचेस सुरू होतात, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेअकराला. घरचे वैतागतात, पण निवृत्त माणसाला झोप तरी कुठं असते?

तर ते तीन सेकंद. त्यात पोराच्या डोक्यात 'हा चुकला तर मी बाहेर' एवढं आलं की अर्धा सेकंद तिथंच संपला. आणि समोरच्याच्या हातात जातो तो बहुतेक वेळा उशिरा सुटलेलाच चेंडू. चूक होऊ नये म्हणून कोचनं जी भीती घातली, तीच चूक वाढवते. मग पोरगं त्यातून स्वतःच वाट काढतं : लांब टाकायचंच नाही, जवळच्याला देऊन मोकळं व्हायचं. आकड्यात ते बरं दिसतं, चेंडू समोरच्याकडं जात नाही. पण समोरच्या टीमला दोन-चार खेळ्यांतच कळतं की हा लांब टाकणार नाही. ते सगळे पुढं सरकून उभे राहतात, आणि जवळचा पासही बंद होतो.

क्लिपा मी पुन्हा पुन्हा बघितल्या. हात झकास आहे पोराचा. पाय बघा तुम्ही. मॅचच्या सुरुवातीच्या क्लिपमध्ये तो मागं सरकतो, थांबतो, डावा पाय ज्याला चेंडू द्यायचा त्याच्याकडं टाकतो आणि मग सोडतो. बाकावरून परत आल्यानंतरच्या क्लिपमध्ये पाय जागच्या जागी नाचतायत, डावा पाय कुणाकडंच नाही, चेंडू नुसत्या हातानं ढकललाय. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढं आहे. खेळी कोणती ते घ्यायला साइडलाइनकडं बघावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ह्याचा चेंडू अजून हवेत आहे, झेलायचा बाकी आहे, आणि हा मान वळवून कोचकडं बघतोय. आपल्या इथं मिडफिल्डची पोरं हेच करतात. पास पायातून सुटला की नजर आधी सरांकडं, चेंडू गेला कुठं ते नंतर. असं पोरगं दिसलं की मी पोराला सोडून आधी त्याच्या कोचला गाठतो.

चोर्ला घाटात गाडी शिकवताना शेजारी बसलेल्यानं प्रत्येक वळणाला हँडब्रेक ओढला, तर शिकणारा रस्त्याकडं बघेल की त्याच्या हाताकडं?

आता तुम्ही म्हणाल, चुकलं तरी कोचनं गप्प बसायचं का? नाही. पण चुकाचुकांत फरक करायला हवा. चेंडू बरोबर गेला आणि आपल्याच पोराच्या हातून उडून समोरच्याकडं पडला, तर क्वार्टरबॅकची चूक शून्य. माणूस बरोबर निवडला पण पाय चुकले, ही सरावात दुरुस्त करायची गोष्ट. मधे उभा असलेला बचावपटू दिसलाच नाही, तर ते बाकावर बसवून नाही, व्हिडिओ दाखवून शिकवायचं. तिन्हीला एकच शिक्षा दिली तर पोरगं एकच धडा शिकतं : टाकू नको.

त्या मोठ्या लीगमधला नावाजलेला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, त्याचं उदाहरण बघा. 1998 साली नव्या खेळाडूंच्या निवडीत इंडियानापोलिस कोल्ट्स ह्या टीमनं त्याला सगळ्यांत आधी निवडलं. पहिल्याच हंगामात त्याचे 28 चेंडू समोरच्यांनी झेलले. नव्या खेळाडूच्या नावावरचा तो नकोसा विक्रम आहे. टीम 16 पैकी 13 मॅचेस हरली. तरी कोच जिम मोरांनी त्याला सोळाच्या सोळा मॅचेसमध्ये सुरुवातीपासून खेळवलं. पुढच्या वर्षी त्याच टीमनं 13 जिंकल्या.

ह्याच्या उलट ॲलेक्स स्मिथ. हाही क्वार्टरबॅकच. 2005 साली तोही पहिल्या नंबरानं निवडला जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या टीममध्ये आला. पहिल्या वर्षी त्याच्या पासवर एकच टचडाउन (म्हणजे आपला गोलच समजा) आणि 11 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले चेंडू. पण त्याच्या नशिबी पहिल्या पाच हंगामांत आक्रमण शिकवणारे पाच वेगळे कोच. दर वर्षी नवी भाषा, नवे इशारे, नव्या खेळ्या. लोक म्हणाले, पोरगं वाया गेलं. 2011 ला जिम हार्बो आले, त्याला झेपेल आणि पाठ होईल एवढंच त्याच्या हातात दिलं, मागं चांगली बचावफळी होती, आणि टीमनं 13 मॅचेस जिंकल्या. सबंध हंगामात त्याचे फक्त 5 चेंडू समोरच्यांकडं गेले. (ह्याच हार्बोंनी पुढच्या वर्षी, तो डोक्याला मार लागून बाहेर बसला तेव्हा, त्याची जागा दुसऱ्याला दिली ती परत केलीच नाही. कोच देतो तसा काढूनही घेतो.)

दोघंही पगारी खेळाडू, तुमचा नातू पंधरा वर्षांचा. त्याला तर अजून जास्त सवड मिळायला हवी. मोरांनी मॅनिंगला पाठीवर थोपटून बरं केलं असं मी म्हणत नाही. चुकीनंतरचा पुढचा चेंडू त्याच्याच हातात दिला, एवढंच. भरवसा पोराला बोलण्यातून कळत नाही, असा कळतो.

आता करायचं काय? शाळा बदलू नका. नव्या शाळेत पुन्हा नवे कोच, नव्या खेळ्या, म्हणजे स्मिथचीच गोष्ट. मुलानं कोचशी भांडायला जायचं नाही. नातवानं स्वतः जायचं, मॅचच्या दिवशी नाही, सोमवारी सराव सुरू व्हायच्या आधी, आणि एकच विचारायचं : 'कोच, ह्या आठवड्यात मी नेमकं काय सुधारू?' पंधराव्या वर्षी टीमला खेळी सांगणारं पोरगं एवढं विचारू शकतं. कोच म्हणाले 'डावा पाय' किंवा 'नजर एकावरच खिळते', तर माणूस कामाचा आहे, तोंडानं तिखट असला तरी चालवून घ्या. 'मन लावून खेळ' एवढंच म्हणाले, तर त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नाही, हे पोराला कळू दे. त्यानंही पुष्कळ भार हलका होतो.

एका बाबतीत मात्र सबुरी नको. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी पोराला परत मैदानात पाठवायचं नाही, असा टेक्सासचा 2011 चा कायदाच आहे. त्यात कुणी चालढकल केली तर मुलानं तडक मुख्याध्यापकांकडं जावं.

आणि आता तुमचा मुलगा. वहिनी, त्याला माझा निरोप द्या : स्टँडमध्ये गप्प बसायचं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेपेठेतला प्रत्येक माणूस कोच असतो, ती हवा ह्याला इथूनच लागली असणार. पण तिथं ओरडणारे हजार असतात, कुणाचंच ऐकू येत नाही. टेक्सासच्या मैदानावर मराठीत ओरडणारा हा एकटाच, आणि ते समजणाराही एकटाच. बाकावरचा कोच म्हणतो टाकू नको, स्टँडमधला बाप म्हणतो टाक. पोरानं तीन सेकंदांत कुणाचं ऐकायचं? घरी परतताना गाडीत मॅचचा विषय बापानं काढायचा नाही, पोरानं काढला तरच बोलायचं. तुम्ही फोनवर जेवलास का, शाळेत काय झालं, एवढंच विचारा. पहाटे उठून बघता ते चालू ठेवा, त्याला ते माहीत असतं.

प्रश्न : सर, मी नवीनच पीटी टीचर आहे. मुलींची फुटबॉल टीम बसवलीय. अर्ध्या मुली मराठी, अर्ध्या कन्नड. जून ते सप्टेंबर मैदान नुसता चिखल. मॅचमध्ये ओरडलं नाही तर ऐकत नाहीत, कौतुक केलं तर डोक्यावर बसतात. मध्यममार्ग कोणता?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, मध्यममार्ग शोधू नका. शिस्तीला कडक राहा, चुकीला राहू नका. उशिरा आली, बूट घरी विसरली, मैत्रिणीला लागेल असं बोलली, ह्याला नियम आधी सांगून ठेवा आणि पाळा. चिखलात पाय घसरून पास चुकला, ह्याला नियम नसतो.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल ह्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल टीमच्या कोचना थोडंसं प्रशिक्षण दिलं. सांगणं साधं होतं. चांगलं केलं तर लगेच बोला, आणि नुसत्या निकालाला नाही, धडपडीलाही शाबासकी द्या. चुकलं तर आधी धीर द्या, मग कसं करायचं ते दाखवा. टोमणा नाही, शिक्षा नाही. पुढच्या हंगामात ह्या कोचच्या टीममधली 5 टक्के मुलं खेळ सोडून गेली, बाकीच्या टीममधली 26 टक्के. 1992 साली हे छापून आलं. जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडं फरक नव्हता, म्हणजे गोड बोलल्यानं कप येतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ज्या पोरांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटत होतं, ती जास्त सावरली. तुमच्या टीममध्ये अशा मुली असणारच.

कौतुक नेमकं करा. 'छान, छान' म्हटलं की डोक्यावर बसतात. 'पास द्यायच्या आधी मान वर केलीस, बरं केलंस' म्हटलं की पुढच्या वेळी पुन्हा मान वर करतात. आणि मॅच चालू असताना चार शब्दांपलीकडं बोलू नका, तेही सरावात दोन्ही भाषांत ठरवून घेतलेले. बाकीचं हाफटाइमला, खाली बसून, पाणी पिऊन झाल्यावर. त्या आधी कुणाच्या कानात शिरत नाही.

प्रश्न : 2028 च्या ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येणार म्हणतात. आमच्या शाळेत सुरू करता येईल का? मला क्वार्टरबॅक व्हायचंय.
– इयत्ता नववी, निपाणी

उत्तर : येणार आहे, लॉस एंजेलिसला, मुलांचा आणि मुलींचाही. त्यात धडक नाही, पाडापाडी नाही. पाच-पाच जण खेळतात आणि चेंडूवाल्याच्या कमरेला अडकवलेली पट्टी ओढली की तो थांबला. हेल्मेट, पॅड असला खर्च नाही. मैदान 50 यार्ड लांब, 25 यार्ड रुंद, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्ड जास्तीचे. चेंडू तेवढा अंड्याच्या आकाराचा लागेल, तो ऑनलाइन मिळतो. सरांना विचार, नऊ मित्र गोळा कर. आणि पहिला महिनाभर दर शनिवारी वेगळ्या पोराला क्वार्टरबॅक करा, तुझा नंबर शेवटी लागला तरी चालेल.