हॅवलॉकची उद्याची बोट सोडा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. कोल्हापूरहून निघून काल पोर्ट ब्लेअरला पोचलात, उद्या सकाळच्या बोटीनं हॅवलॉक बेट, तिथून नील बेट आणि रविवारी परतीचं विमान. सोबत सासू-सासरे आणि लहान मुलगा, सासूबाईंना इन्सुलिन चालू. हवामान खात्यानं अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा सांगितलाय आणि टूरवाला म्हणतोय, ‘इथं असं असतंयच, काय होत नाही.’ जायचं की थांबायचं, हा तुमचा प्रश्न.

थांबा. पोर्ट ब्लेअरमध्येच थांबा.

आधी सांगतो, मी मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणारा माणूस आहे, हवामानातला जाणकार नाही. तुमच्या पट्ट्याचं पुढं वादळ होईल की तो विरून जाईल, हे खात्याच्या बुलेटिनवरच बघा. पण हेच वेळापत्रक, हाच महिना आणि टूरवाल्याचं हेच वाक्य आम्ही भोगलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

लोक वादळाला नाव पडायची वाट बघतात, तिथंच सगळं बिघडतं. कमी दाबाच्या पट्ट्यातला वारा ताशी ३१ किलोमीटरवर गेला की खातं त्याला डिप्रेशन म्हणतं, ५१ पासून डीप डिप्रेशन आणि ६२ ओलांडल्यावर चक्रीवादळ. नाव मिळतं ते तेव्हाच, आणि टीव्हीवर बातमीही तेव्हाच सुरू होते. बोटी मात्र त्याच्या बऱ्याच आधी बंद पडतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराच्या वर पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तोवर त्या वादळाला नाव नव्हतं. ‘वरदा’ हे नाव त्याला मागनं पडलं आणि १२ डिसेंबरला ते चेन्नईजवळ धडकलं. आपल्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ ला धोका. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं काय ४३ ची वाट बघत बसत नाहीत, जनावरं आधीच हलवतात. समुद्रातलं डिप्रेशन म्हणजे ते ३९ फूट समजा.

बुलेटिनमध्ये वाऱ्याच्या आकड्यांपेक्षा मच्छीमारांसाठी दिलेली ओळ आधी वाचा. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अंदमान समुद्रात जाऊ नये’ असं त्यात असतं. तुमच्या हॅवलॉक-नीलच्या तारखा त्यात येत असतील तर पुढं कुणाला विचारायची गरज नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला का, हेही हॉटेलवाल्याला विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. सरकारी सूचनेत हॅवलॉकला स्वराज द्वीप, नीलला शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरला श्री विजयपुरम लिहिलेलं असतं, शोधताना लक्षात असू द्या. आणि ऊन पडलंय, जेटीपाशी पाणी शांत दिसतंय म्हणून फसू नका. आम्ही हॅवलॉकच्या जेटीवर उभे होतो तेव्हा खालचं पाणी काचेसारखं हिरवं होतं, तळाचे दगड दिसत होते. खिडकीवर मात्र बोट रद्द झाल्याचा कागद डकवलेला, रात्रीच्या पावसानं त्याची शाई खाली ओघळलेली. मधला पट्टा सगळा उघडा समुद्र आहे, लाटा तिथं असतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आमची टूर इथल्याच एका कंपनीची होती. नाव घेत नाही, आणि कुणी निरोपात विचारलं तरी सांगणार नाही. बोटीची तिकिटं त्यांनी त्यांच्या खात्यातून काढलेली. बुकिंगला मोबाईल नंबरही त्यांचाच. आमच्या हातात फक्त फोनवर आलेलं चित्र. आम्ही हॅवलॉकला असताना सकाळी नाष्ट्याला हॉटेलचा मॅनेजर स्वतःहून टेबलापाशी आला. बंगाली माणूस, तिथंच वाढलेला. म्हणाला, ‘आज दुपारची पोर्ट ब्लेअरची बोट जाईल, उद्याचं मी सांगू शकत नाही. म्हातारी माणसं सोबत आहेत, आज निघा, मी जागा बघतो.’ जागा होत्या. पण जुनी तिकिटं बदलायची तर ज्याच्या खात्यातून काढलीत त्यानंच बदलायला हवी होती.

कोल्हापूरच्या ऑफिसला फोन लावला. पहिलं उत्तर, ‘नीलच्या हॉटेलचे पैसे भरलेत, ते परत मिळणार नाहीत.’ म्हटलं, जाऊ देत पैसे. मग, ‘साहेबांना विचारून सांगतो.’ मग साहेब मीटिंगमध्ये. मग साहेब जेवायला. शेवटी एक बाई फोनवर आल्या आणि म्हणाल्या, ‘टूर चालू आहे सर, तुम्ही मधनं बाहेर पडलात तर पुढची जबाबदारी आमची नाही.’ तेवढ्यात दुपारची बोट सुटली. दुसऱ्या दिवसापासून सरकारी काय आणि खाजगी काय, सगळ्याच बोटी बंद.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते फार सांगत नाही. लाईट जात-येत होती. एटीएमला रांग, मग एटीएमच बंद. भाजी पोर्ट ब्लेअरहून येते, ती आली नाही, म्हणून डाळ-भात आणि अंडी. वडिलांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यावर गोविंदनगरच्या दुकानात दुसऱ्या कंपनीच्या मिळाल्या, ते नशीब. तिथल्या माणसांनी फार सांभाळून घेतलं, हे मुद्दाम लिहितोय. त्या मॅनेजरनं वाढलेल्या रात्रींचं भाडं अर्ध्यावर आणलं.

खरा छळ झाला तो घरी परतल्यावर. आमचं परतीचं विमान वेळेवर उडालं होतं, आम्हीच बेटावर होतो. म्हणजे विमान कंपनीच्या लेखी आम्ही ‘नो शो’. नवीन तिकिटं त्या वेळच्या भावानं काढावी लागली. प्रवास विमा होता, त्यांनी मागितलं काय, तर बोट रद्द झाल्याचं बोट कंपनीचं पत्र, प्रवाशांच्या नावासकट. खिडकीवरच्या कागदाचा फोटो चालणार नाही म्हणाले. रद्द झाल्याचा मेसेज आणि रिफंड दोन्ही गेले होते टूर कंपनीच्या नंबरवर आणि खात्यात. त्यांनी फक्त तो मेसेज पुढं पाठवायचा होता. मिनिटाचं काम. त्यासाठी मी त्या ऑफिसच्या पायऱ्या चढत राहिलो. कधी ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’, कधी ‘अंदमानच्या एजंटकडं आहे’. एकदा लेखी उत्तर दिलं त्यात एकच ओळ, ‘ठरल्याप्रमाणे सेवा पुरविण्यात आली आहे.’ कारण उघड आहे. मेसेज दिला असता तर बोटीचा रिफंड त्यांना मिळालाय हेही कबूल करावं लागलं असतं. किरकोळ रकमेसाठी त्यांनी आमचा मोठा क्लेम अडवून धरला. वडिलांच्या वयाच्या माणसाला समोर बसवून खोटं बोलताना त्यांना काही वाटलं नाही, याचा राग मला आजही येतो.

विमावाल्यांनी क्लेम नाकारताना वर आणखी एक कारण जोडलं. त्या तारखांना कुठलंही चक्रीवादळ नोंदलेलं नाही. खरंच नव्हतं. तो पट्टा डीप डिप्रेशनवरच विरला, त्याला नाव पडलंच नाही.

शेवटी मी टूर कंपनीला बाजूला ठेवून बोट कंपनीलाच ईमेल केला. प्रवासाची तारीख, बोटीची वेळ, सगळ्यांची नावं, आधार दाखवताना दिलेले तपशील. त्यांचं पत्र आलं, लेटरहेडवर, कारण लिहून, ‘खराब हवामान आणि बंदर खात्याचा आदेश’. ते जोडून विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडं पुन्हा अर्ज केला. वाढीव मुक्कामाचे पैसे मंजूर झाले, विमानाचे नाही. तक्रार विभागानं महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं, आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जायला हवं.

म्हणून, ताई, तुम्ही आज रात्रीच टूरवाल्याकडून बोटीचे बुकिंग नंबर मागून घ्या. चित्र नको, नंबर. त्याला फोनवर समजावत बसू नका, लेखी पाठवा: ‘हवामान खात्याच्या इशाऱ्यामुळं आम्ही उद्या हॅवलॉकला जात नाही. बोट आणि हॉटेल बदलून किंवा रद्द करून द्या आणि काय होतंय ते लेखी कळवा.’ तो फोनच करेल, कारण लेखी द्यायचं नसतं. फोन झाल्यावर जे बोलणं झालं ते तुम्हीच मेसेजमध्ये लिहून पाठवा. पुढं ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर हेच उपयोगी पडतं. पैसे बुडतील, हे धरून चाला. हॅवलॉकच्या दोन रात्रींचे पैसे बुडाले तरी ते परतीच्या सगळ्या तिकिटांपेक्षा कमीच असतात, असं माझं ठाम मत आहे. कुणाला पटणार नाही, त्यांनी त्यांचा हिशोब करावा.

विमानाबद्दल एक. त्यांनी स्वतः विमान रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान, हा तुमचा हक्क आहे. विमान उडालं आणि तुम्ही पोचला नाहीत तर भाडं गेलं, पण कर आणि विमानतळाचं शुल्क ‘नो शो’लाही परत मागता येतं, ते कुणी आपणहून देत नाही. आणि चेन्नई किंवा मुंबईहून पुढचं कोल्हापूरचं तिकीट वेगळं काढलं असेल, महालक्ष्मी एक्सप्रेसचं असो की विमानाचं, तर ते आजच एक दिवस पुढं ढकलता येतं का बघा. एक विमान चुकलं की पुढची सगळी तिकिटं एकामागून एक जातात.

पोर्ट ब्लेअरमध्ये वेळ जाईल. सेल्युलर जेल सकाळी लवकर करा, सासऱ्यांना सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढावे लागतील, घाई नको. मानववंशशास्त्र संग्रहालय आणि समुद्रिका हे नौदलाचं संग्रहालय पावसातही होतात. बाराटांगच्या नादी या हवेत लागू नका, तिथंही मध्ये बोटीतून जावं लागतं. रॉस बेटाच्या बोटीही अशा वेळी बंद असतात.

सासूबाईंची इन्सुलिन परतीच्या तारखेच्या वर किमान आठवडाभर पुरेल एवढी उद्या सकाळीच घ्या. मोठं शहर आहे, मिळेल, आणि जी. बी. पंत हे सरकारी हॉस्पिटल तिथंच आहे. हॉटेलच्या खोलीत फ्रिज नसेल तर त्यांच्या किचनच्या फ्रिजमध्ये नाव लिहून डब्यात ठेवायला सांगा, फ्रीजरमध्ये नको. रोख थोडी जास्त काढून ठेवा.

टूरवाल्याचं लेखी उत्तर आलं की नाव-नंबर झाकून इथंच टाका. त्यात नेमकं काय लिहायचं टाळलंय ते मला लगेच कळेल, ती भाषा आता पाठ झालीये.